नायकीण कोणी घडवली?

‘बाईच बाईची वैरी’ हे वाक्य गेल्या महिन्यात उल्हासनगर कॅम्प १ मध्ये मी तीनदा ऐकलं. कपडे शिवण्याच्या एका छोट्या कारखान्यात धागे कापणाऱ्या बायकांवर एक बाई देखरेख करते. खाडा झाला की ती दुसऱ्या दिवशी काम देत नाही, सणाला साडी मागते, अशी तक्रार होती. बायका चिडल्या होत्या. खरं सांगायचं तर मीही चिडले होते.

पण ही बाई काही आजची नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत रिळिंग आणि वायंडिंग खात्यांत बायकांवर ‘नायकीण’ असे. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. कामावर घेणं, काढणं नायकिणीच्या हातात, आणि त्याबद्दल ती दस्तुरी घेई. शब्दही कसा पाहा! पुरुष मुकादमाला जॉबर म्हणायचं, आणि बाई मुकादम झाली की तिला असा शब्द, जो समाज ठेवलेल्या बाईलाही वापरतो.

व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवलं आणि जिथे बायका मोठ्या संख्येने आहेत तिथे शिकलेली स्त्री नेमा, असं सुचवलं. पुढे १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे ती ‘शिकलेली स्त्री’ म्हणजे माझ्यासारखीच! पण तोवर गिरण्यांतून बायकाच कमी होऊ लागल्या होत्या. माणूस बदलून भागत नाही, ते यासाठी.

मालकाला भरतीचा, हजेरीचा, शिस्तीचा खर्च नको होता. तो त्याने नायकिणीच्या गळ्यात घातला आणि वसुलीकडे डोळेझाक केली. कॅम्पातली बाई मला म्हणाली, “ताई, मला ठरलेला पगार नाही. माल वेळेत गेला नाही तर माझेच पैसे कापतात.” साडी मागणं यामुळे क्षम्य ठरत नाही. पण बायकांचा राग तिच्यापाशीच थांबतो आणि मालक सुटतो.

२०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, असं सांगितलं. अशा कारखान्यात वरिष्ठ स्त्री कोण? हीच. जिच्या मर्जीवर उद्याचं काम, तिच्याकडे मालकाविरुद्ध तक्रार कोण नेईल?

म्हणून आपली मागणी ‘बाई बदला’ एवढीच नसावी. हजेरीपत्रक हवं, नगाचा दर भिंतीवर लावलेला हवा, कामावर घेण्या-काढण्याची जबाबदारी मालकाच्या सहीने हवी, आणि देखरेख करणारीलाही ठरलेला पगार हवा.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या सभेत दोन गिरणी कामकरी बायका उभ्या राहून बोलल्या, साप्ताहिक सुट्टीसाठी. पुढच्या बैठकीला या देखरेखवालीलाही बोलवू या, असं मी सुचवलं. दोघीजणी उठून गेल्या. त्यांचा राग मला कळतो. तरी माझं म्हणणं तेच आहे.