दुर्गम कोणाला?

आदिवासींच्या आरोग्याविषयीचे मराठी लेखन वाचताना ‘दुर्गम’ हा शब्द हटकून भेटतो. जिथे जाणे कठीण, ते दुर्गम. पण जाणारा कोण, हे या शब्दात गृहीत धरलेले असते. तो डॉक्टर असतो, अधिकारी असतो, क्वचित लेखकही असतो. पाड्यावरच्या बाळंतिणीच्या दृष्टीने दुर्गम असतो तो दवाखाना. हा अर्थ आपल्या गद्यात अभावानेच उमटतो.

भिवंडीत तर हा शब्द फारच तोकडा पडतो. मुंबई-नाशिक महामार्ग या तालुक्यातून जातो. यंत्रमाग आणि गोदामे यांनी तो गजबजलेला आहे. तरीही पावसाळा सरल्यावर उचल घेऊन वीटभट्टीवर आलेले कातकरी कुटुंब आरोग्यसेवेच्या नजरेआड राहू शकते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली ‘आशा’ दिली, ती गावाची. भट्टीवरच्या गर्भवतीचे नाव एका गावाच्या यादीत आणि ती स्वतः दुसऱ्याच शिवारात! हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही दृष्टीच उलटी केली. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. नवजात बाळाला घरी जाऊन तपासणे, जंतुसंसर्ग ओळखणे, प्रसंगी इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा विचार करता, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. राणी बंग यांचे ‘गोईण’ साहित्याच्या अभ्यासकांनी या कामाशेजारी ठेवून वाचावे. झाडांविषयीचे तिथले ज्ञान गोंड स्त्रियांचे आहे; डॉक्टर तिथे ऐकणाऱ्याच्या जागी आहे.

पुढे २०११ साली शासनाने घरपोच नवजात-सेवा ‘आशां’मार्फत देशभर नेली. पद्धत पोहोचली, अधिकार मात्र कार्यालयातच राहिला. ‘आशा’ला कामागणिक मोबदला मिळतो, कामांची यादी वरून येते. सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली मूळनिवासींनी स्वतःचे आरोग्यकेंद्र उभारले. तिथून वाढलेल्या चळवळीत केंद्राचा कारभार समाजाने निवडलेले मंडळ पाहते. आपण सेविका स्वीकारली, मंडळ वगळले.

गुंतागुंतीच्या बाळंतपणाला तज्ज्ञ आणि सुसज्ज रुग्णालय लागणारच, यात शंका नाही. समाजाचा अधिकार डॉक्टरांच्या ज्ञानाला पर्याय नव्हे. पण दवाखाना कोणत्या वेळी उघडावा, तिथे कोणती बोली समजली जावी, भट्टीवर कोणी यावे, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नाहीत. त्यांची उत्तरे वस्तीकडे आहेत. भट्टीवरच्या कुटुंबांनी आपल्यातूनच आरोग्यसेविका निवडावी, शासनाने तिला शिकवावे, वेतन द्यावे आणि नोंदवही कुटुंबाबरोबर फिरावी, ही मागणी अवाजवी नाही.

आणि ती मान्य होईपर्यंत, निदान आपण लिहिणाऱ्यांनी, ‘दुर्गम’ लिहिताना ‘कोणाला’ हेही लिहावे.