ठशातला शोक

दिवंगत मित्राचं चित्र छापून विकणं म्हणजे दुःखाचा बाजार, अशी हरकत या स्मृतिकार्ड विशेषांकावर कुणीतरी घेईलच. जपानमध्ये १८५८ साली, एदो शहरात कॉलऱ्याची साथ असताना, चित्रकार हिरोशिगे गेला. त्याचा मित्र, चित्रकार कुनिसादा याने तेव्हा नेमकं हेच केलं. त्या चित्रात हिरोशिगेचं मुंडण केलेलं डोकं, हातात जपमाळ, शेजारी त्याची निरोपाची कविता. आणि सहीपाशी कुनिसादाने लिहिलं की हे आपण अश्रू ढाळत काढतो आहोत. प्रकाशकाने ते विकलं, यात लपवण्यासारखं काय? दोघांनी मिळून केलेल्या तोकाइदो रस्त्याच्या मालिकेत हिरोशिगेचा निसर्ग आणि कुनिसादाची माणसं एकाच कागदावर आली होती, आणि तीही विक्रीसाठीच होती. लाकडी ठशांवर जुळलेल्या मैत्रीचा शोकही ठशातूनच उमटणार! शिवाय स्मारकाच्या दगडापाशी जावं लागतं. हा स्वस्त कागद हिरोशिगेच्या साध्या गिऱ्हाइकालाही घरी नेता येत होता.