क्लॅटची शिकवणी विद्यापीठांनीच घ्यावी

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य कुलगुरू,
राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ (कन्सोर्टियम), बेंगळुरू



लातूरच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करते आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांची क्लॅट या सामाईक विधी प्रवेश परीक्षेची शिकवणी घेते. या शिकवणीवर माझ्या घरखर्चाचा काही भाग चालतो. तरीही माझी आपल्याकडे मागणी आहे, की या परीक्षेच्या तयारीचे जे काम आपण खासगी क्लासवर आणि माझ्यासारख्या शिकवणी घेणाऱ्यांवर सोडून दिले आहे, ते आता आपल्या हाती घ्यावे. ज्याला शिकवणी परवडते त्यालाच कायद्याच्या उत्तम शिक्षणाचे दार उघडावे, ही स्थिती कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठांनीच चालू ठेवावी, हे मला फार खुपते.

आधी आपल्या श्रेयाचे बोलते. २००८ पूर्वी प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी असे. जितकी विद्यापीठे तितके अर्ज, तितके शुल्क, तितका प्रवास. हा जाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून पहिली क्लॅट घेतली. २०१७ मध्ये आपला संघ स्थापन झाला, २०१९ पासून परीक्षेची सूत्रे त्याच्याकडे आली. २०२० मध्ये आपण प्रश्नपत्रिकेचा साचाच बदलला. सुटी सुटी माहिती पाठ करून सोडवायचे प्रश्न गेले आणि उतारे आले. कायद्याचे पूर्वज्ञान लागणार नाही, नीट वाचून विचार करता आला की पुरे, ही त्यामागची भूमिका मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. घोकंपट्टी गेली की क्लासची गरज कमी होईल, अशी आशा होती. प्रत्यक्षात गरज वाढली. ती का वाढली, हे रोज शिकवताना दिसते.

दोन तासांत १२० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कबुद्धी आणि गणित असे पाच विभाग. जवळपास सगळे प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले, आणि बहुतेक उतारे साडेचारशे शब्दांच्या घरातले. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न धरले तर वीसहून अधिक उतारे होतात. म्हणजे १२० मिनिटांत नऊ-दहा हजार इंग्रजी शब्द वाचायचे, त्यांवर विचार करायचा आणि उत्तरपत्रिकेवरचे गोलही काळे करायचे. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची आहे, अशा मुलाला हा वेग वाढत्या वयाबरोबर आपसूक मिळालेला असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला तो दीड वर्षात कमवावा लागतो, आणि त्यासाठी तिच्याजवळ रोज बसणारे माणूस लागते.

शिकवणीत आम्ही करतो ते एवढेच. कायदा फार थोडा शिकवला जातो. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून घ्यायचा आणि त्याचा मुद्दा दोन वाक्यांत सांगायला लावायचा. घड्याळ लावून एकेक उतारा सोडवून घ्यायचा. मॉक टेस्ट झाली की ती द्यायला लागला त्याहून जास्त वेळ तिच्या तपासणीला द्यायचा. हा प्रश्न चुकला तो उतारा समजला नाही म्हणून, प्रश्नच समजला नाही म्हणून, की दोन पर्यायांत अडकून वेळ गेला म्हणून? कोणता उतारा सोडून पुढे जायचे, हेही शिकवावे लागते. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली काही महिन्यांत मूल पालटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणूनच ज्याला असा शिक्षक मिळत नाही त्याचे नुकसान किती मोठे, हेही मला ठाऊक आहे. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, छापील नोट्स, मोबाइलवरची टेस्ट सिरीज यांची आता कमतरता नाही. मुलाच्या चुकीपाशी थांबून त्याच्याशी बोलणारा शिक्षक मात्र महाग आहे.

मुलांची विचारशक्ती कमी पडते, असे कुणी म्हणू नये. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे तत्त्व १९०३ च्या मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यापासून आपल्याकडे पक्के आहे. ते मराठीत सांगून मी वर्गाला विचारते, की सतरा वर्षांच्या मुलाने हप्त्याने मोबाइल घेतला आणि हप्ते थकवले, तर दुकानदाराला करारावर बोट ठेवून पैसे मागता येतील का? औसा-निलंग्याकडची मुले लगेच वाद घालू लागतात. त्याने वय लपवले असेल तर? मोबाइल तरी परत मागता येईल की नाही? सही बापाने केली असेल तर? जमिनीची वाटणी, फेरफार, सातबारावरची नावे, बांधाचे तंटे ऐकतच ही मुले मोठी झालेली असतात, कायदा त्यांच्या ओसरीवरच बसलेला असतो. मग तेच तत्त्व लांबलचक इंग्रजी वाक्यांतून समोर येते, खाली लेखकाचा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करणारा पर्याय शोधायला सांगितलेला असतो, आणि वर्गात सगळ्यांत आधी बोललेली मुलगी दुसऱ्या परिच्छेदातच अडकते. तिची विचारशक्ती मोजायला बसलेली परीक्षा तिच्या वाचनाचा वेग मोजून उठते.

त्यात वेळापत्रकाची भर पडली आहे. २०२२ च्या जूनपर्यंत ही परीक्षा बारावीच्या बोर्डानंतर होत असे. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ती बोर्डाच्या आधी होऊ लागली. म्हणजे तयारी अकरावीतच सुरू व्हायला हवी, आणि क्लॅट नावाची परीक्षा असते हे अकरावीतल्या मुलाला कुणीतरी सांगायला हवे. लातूर पॅटर्नमुळे आमच्या शहरात नीट आणि जेईईच्या तयारीचे मोठे जाळे आहे, आसपासच्या जिल्ह्यांतून मुले इथे खोली करून राहतात. त्याच शहरात राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे नाव क्वचितच ऐकू येते. बारावीच्या निकालानंतर चौकशीला येणाऱ्या मुलांना, परीक्षा होऊन गेली, आता एक वर्ष थांबा, असे सांगावे लागते. जी वेळेत येतात त्यांच्या उजळणीच्या ऐन दिवसांत सोयाबीनची काढणी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर मागे राहिलेल्या मोठ्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी पडते. पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये त्याच आठवड्यांत एकामागून एक मॉक टेस्ट चालू असतात.

पैशांचे गणितही पाहा. नुसत्या अर्जाचे शुल्क ४००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या विद्यार्थ्यांना ते ३५०० रुपये पडते. सवलत ५०० रुपयांची. मोठ्या शहरांतल्या क्लासची फी लाखाच्या घरात जाऊ शकते, एकट्याने शिकायचे तर तासाचे पैसे वेगळे. प्रवेश मिळाल्यावर निदान शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती यांची वाट असते. तयारीच्या टप्प्यावर बहुतेक घरांना उसनवारीच करावी लागते.

आपण नमुना प्रश्नपत्रिका आणि सराव साहित्य देता, याची मला जाणीव आहे. मी ते वर्गात वापरते आणि ते चांगले आहे. परंतु ते इंग्रजीत आहे आणि परीक्षेची माहिती ज्याला आधीच आहे त्याच्यापर्यंतच पोचते.

भाषेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात क्लॅट भारतीय भाषांतूनही घ्यावी अशी याचिका झाली आणि भारतीय विधिज्ञ परिषदेने तिला पाठिंबा दिला. विद्यापीठात शिक्षण इंग्रजीतून होते, म्हणून परीक्षा इंग्रजीतच हवी, असे म्हटले जाते. वैद्यकीय शिक्षणही प्रामुख्याने इंग्रजीतून होते, तरी त्याची प्रवेश परीक्षा नीट मराठीसह तेरा भाषांत होते. महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी मराठीतूनही देता येते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या सहामाहीत इंग्रजीचा कसून पाया घालता येतो. प्रवेशाच्या दारातच अडवलेल्या मुलीला तो घालून देण्याची संधी कुणालाच मिळत नाही. भाषांतरात चुका होतील, ही भीतीही मला मान्य आहे. पण २०२५ च्या क्लॅटचे प्रश्न इंग्रजीत असूनही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यायालयाने प्रश्न काढण्यातल्या ढिलाईबद्दल नाराजी नोंदवली. प्रश्न काळजीपूर्वक काढणे आणि तपासणे कोणत्याही भाषेत अटळच आहे.

या साऱ्याचा विचार करून माझ्या मागण्या मांडते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, मोफत शिकवणी. प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाने आपापल्या भागातले जिल्हे वाटून घ्यावेत आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीपासून शनिवार-रविवारचे वर्ग चालवावेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे आहेत. कोकण, विदर्भ आणि मराठवाडा यांची सुरुवात तिथून सहज होईल. शिकवायला आपलेच विद्यार्थी आहेत. त्यांच्या या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक द्यावेत. हे होऊ शकते याचा पुरावा आपल्यासमोरच आहे. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इडिया’ या उपक्रमात विधी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनीच वंचित घरांतल्या मुलांची तयारी करून घेतली आणि ती मुले आपल्याकडे शिकली. जे स्वयंसेवकांनी करून दाखवले ते विद्यापीठांनी आपले कर्तव्य मानावे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देतात, त्यांनाही सोबत घ्यावे.

दुसरी मागणी प्रश्नपत्रिकेची. इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहू द्या. कायदेविषयक तर्क, तर्कबुद्धी आणि गणित हे विभाग तरी मराठीसह भारतीय भाषांत शेजारी शेजारी छापा. तिसरी, उताऱ्यांची लांबी कमी करा किंवा वेळ वाढवा, म्हणजे विचार करणाऱ्याला विचार करायला जागा मिळेल. चौथी, गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचे अर्जाचे शुल्क पूर्ण माफ करा. पाचवी, दरवर्षीच्या निकालाबरोबर प्रवेश मिळालेल्यांचे दहावीचे माध्यम, जिल्हा, बोर्ड आणि क्लास लावला होता की नाही, याची नावांशिवायची आकडेवारी प्रसिद्ध करा. राज्यातल्या रहिवाशांसाठी राखलेल्या जागांवर राज्याच्या कोणत्या कोपऱ्यातली मुले बसतात, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या राज्याला आहे.

आपली विद्यापीठे बाजाराने उभारलेली नाहीत. त्यांच्यासाठी राज्यांच्या विधिमंडळांनी कायदे केले, जमिनी दिल्या, जनतेचा पैसा दिला. माधव मेनन यांनी बेंगळुरूला पहिली राष्ट्रीय विधी शाळा उभारली तेव्हा कायद्याचे शिक्षण समाजाच्या गरजेशी जोडण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्या गरजेचे रूप मी रोज पाहते. आमच्या न्यायालयात दावे, जबाब, साक्षी मराठीत चालतात. पोटगी, कूळहक्क, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला घेऊन माणसे येतात आणि त्यांना आपली भाषा, आपली शेती आणि आपले घर समजणारा जाणकार वकील हवा असतो. उत्तम कायदेशिक्षण घेतलेली मुले या गावांतून आली तर त्यांपैकी काही तरी इथे परततील, काही न्यायाधीश होतील, काही उच्च न्यायालयात उभी राहून या माणसांची बाजू मांडतील. त्यांना आत येण्याची वाटच फीच्या पावतीतून जात असेल, तर हे घडणार नाही.

पुढच्या परीक्षेची अधिसूचना निघण्यापूर्वी या मागण्यांवरचा आपला निर्णय जाहीर करावा, ही विनंती. लातूरमध्ये आपण पहिला वर्ग सुरू करणार असाल, तर शनिवार-रविवारी तिथे विनामूल्य शिकवायची माझी तयारी आहे. मुले जमवणे, महाविद्यालयांशी बोलणे, पालकांना समजावणे हे सगळे आम्ही इथले वकील आणि शिक्षक मिळून करू. आपण फक्त हे काम आपले आहे असे म्हणा.

आपली,
लातूर जिल्हा न्यायालयातील एक वकील आणि क्लॅटची शिक्षिका