सीताफळाच्या बिया आणि उवांचे औषध



वर्षावास सरत आला की बदलापूर गावाच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. फळ खाऊन झाले तरी पुष्कळ घरांत बिया फेकत नाहीत. धुऊन, वाळवून डब्यात ठेवतात. त्या कुटून खोबरेल तेलात कालवल्या की उवांचे औषध झाले, हे आपल्याला आई-आजीने शिकवले आहे. आजी खोटे सांगत नव्हती. या बियांत खरोखरच किडे मारणारे विष आहे. त्याने किड्याच्या शरीरातली शक्ती तयार होण्याचे कामच बंद पडते आणि ऊ मरते.

पण ते विष आहे, हे मात्र आपण विसरतो. झाडापाल्याचे आहे, मग त्याने काय होणार, असे म्हणून आपण ते लेकराच्या डोक्यावर थापतो. केस धुताना तो लगदा कपाळावरून ओघळतो आणि डोळ्यांत जातो. काही तासांनी डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही, समोरचे धुरकट दिसते. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा या बियांनी सोलवटून निघतो. आपल्या देशात, तसेच थायलंड आणि तैवानमध्येही डॉक्टरांनी असे रुग्ण तपासून त्यांच्या नोंदी केल्या आहेत. वेळेवर उपचार झाले तर डोळा बहुधा बरा होतो. पण परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीचे आठ-दहा दिवस जातात आणि कामावर जाणाऱ्या आईचे खाडे होतात, ते वेगळेच.

म्हणून लहान मुलांच्या डोक्याला सीताफळाची बी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकून डोळ्यात गेलेच तर नळाच्या स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दूध, मध, गुलाबपाणी काही घालू नका.

मग उवांचे करायचे काय? शाळेत बाईंनी मुलीला वेगळे बसवले की घरात चिडचिड होते आणि हाताला लागेल ते डोक्याला चोळले जाते. कोणी रॉकेल लावते. शेजारी स्टो किंवा गॅस पेटलेला असतो, याचे भान राहत नाही. कोणी तंबाखूचे पाणी लावते. तंबाखूचे विष कातडीतूनही अंगात भिनते, मूल ओकाऱ्या करू लागते. यातले काहीही नको. डोके भरपूर तेलाने चोपडा आणि बारीक दातांच्या फणीने केसांची एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरा. फणी प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा, म्हणजे काय निघते ते दिसेल. लिखा फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून हे दर तीन दिवसांनी निदान दोन आठवडे करावे लागते. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, बाबांचेसुद्धा! आणि उवा झाल्या म्हणून मुलीला घाणेरडी म्हणू नका. डोक्याला डोके लागले की ऊ चढते, ती स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदाने राहते.

कडुनिंबाचे तेल खोबरेलात मिसळून मोठ्या माणसांनी लावायला हरकत नाही. पण त्याने किडा पटकन मरत नाही. त्याचे खाणे सुटते, कात टाकता येत नाही, वाढ खुंटते. ही आपली परंपरागत माहिती. तरीही लिंबोळीच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाचे पेटंट 1994 साली युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला मिळाले होते. भारतातून हरकत घेतल्यावर ते 2000 साली रद्द झाले आणि 2005 साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. अभिमान जरूर बाळगा, पण हे तेल तान्ह्या मुलाला जंतांसाठी म्हणून चमच्याने पाजू नका. त्याने मुलांना झटके येऊन ती दगावल्याच्या नोंदी आहेत.

ढेकणांसाठी पाला-मुळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे कटू असले तरी सांगते. त्यांना उकळते पाणी मारते. जुना पलंग किंवा बाज घरात घेण्याआधी अंगणातच सांध्यासांध्यांतून उकळते पाणी ओता, भिंतीच्या फटी लांबीने बुजवा. चाळीत एका खोलीने औषध मारले तर ढेकूण दुसऱ्या खोलीत जातात, म्हणून एक रविवार ठरवून सगळ्यांनी मिळून करा. पूर्वी ‘नुवान’ सर्रास शिंपडत. ते डायक्लोरव्हॉस सरकारने 2020 च्या अखेरीस बंद केले. कुणाकडे जुनी बाटली असेल तर वापरू नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या तर घरात नकोतच. त्यांचा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या झोपलेल्या माणसांपर्यंतही पोहोचतो आणि जीव घेतो.

डासांसाठी बंद खोलीत कडुनिंबाचा धूर करतात. धूर कशाचाही असो, छातीत जातोच. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मच्छरदाणी बरी.

पाल्याचा खरा उपयोग धान्याला. कडुनिंबाची पाने सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवून मगच डब्यात घाला. ओली राहिली तर बुरशी धरते. 2005 आणि 2019 साली उल्हास नदीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना ओल्या धान्याचे काय होते ते सांगायला नको. डाळीला तळहातांनी एरंडेल चोळले की किड्यांची अंडी त्यात गुदमरतात. रेशनचे तांदूळ आणल्या आणल्या चाळा, दोन कडक उन्हे दाखवा, पूर्ण निवू द्या आणि मगच झाकण लावा. गरम तांदूळ डब्यात कोंडले तर आतून घाम सुटतो आणि सोंडे पुन्हा येतात.