अंधारात जात नसते म्हणे!

गेल्या महिन्यात एका कविसंमेलनाला गेलो. दिवसपाळी संपवून, तसाच. अंगावर खताच्या पोत्यांची पांढरी पूड, खांद्याला वळ. मागच्या रांगेत बसलो. शेजारचा माणूस एक खुर्ची सोडून सरकला. सरकू दे. आपल्याला सवय आहे.

स्टेजवर एक नामवंत. क्रांतीचे कवी. त्यांनी कोळशाच्या खाणीतल्या कामगारावर कविता म्हटली. कवितेतल्या कामगाराच्या हातात मशाल होती. मी चमकलो. कोळशाच्या खाणीत मशाल? अहो, खाली मिथेन वायू असतो. मशाल सोडा, विडी-काडीसुद्धा उतरण्याआधी अंग चाचपून काढून घेतात. कवीमहाशयांचा कामगार मशाल घेऊन खाली गेला असता तर कवितेचं दुसरं कडवं लिहायला कोणी उरलंच नसतं. पण टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "मित्रहो, खाणीत जात नसते. अंधारात सगळे सारखेच काळे."

पुन्हा टाळ्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, माझा आजा चांद्याकडच्या कोळसाखाणीत पस्तीस वर्षं लोडर होता. त्याची आई पण खाली गेलेली. जात नसते म्हणता, तर तुमच्या जातीचे किती लोडर तुम्ही पाहिलेत? ते हसले. म्हणाले, "तरुण मित्र अस्मितेत अडकलाय." आणि संचालकाने पुढच्या कवीचं नाव पुकारलं.

तर दोस्तहो, तिथे मला बोलू दिलं नाही. इथे बोलतो.

माझ्या पणजीपासून सुरू करतो. तिला घरात बुढी म्हणत. मी जन्मायच्या आधीच ती गेली. जे सांगतोय ते आजीकडून आणि बापाकडून ऐकलेलं. गावात महारकीचं काम नि भाकरीचे तुकडे. दुष्काळ पडला तसं बुढी नि तिचा नवरा पोरं घेऊन खाणीवर आले. मुकादमाने नाव लिहिलं, जात लिहिली, आणि त्याच क्षणी काम ठरलं. खाली. फावडं नि टोपली. हाजरीबाबू वरच्या जातीचा, सर्वेवाला वरच्या जातीचा, गोदाम सांभाळणारा वरच्या जातीचा. खाली कोळसा भरणारे महार, गोंड, तेलंगणातून आलेले माला-मादिगा, छत्तीसगडातून आलेले आमच्यासारखेच. धनबाद-झरियाकडे बाऊरी, भुईया, संथाळ. सिंगरेणीत माला-मादिगा. नकाशा बदला, यादी तीच. ही यादी कुठल्या अंधारात तयार झाली? ती तर वर, उजेडात, टेबलावर तयार झाली.

बुढी बोगद्यात गेली ती युद्धाच्या काळात. बायांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. १९४३ साली सरकारने ती उठवली. लढाईला कोळसा हवा होता, पुरुष मिळत नव्हते. आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री कोण होते? बाबासाहेब.

आता पुढे ऐका. आमचे लाल मित्र ही गोष्ट चहाच्या टेबलावर हळूच काढतात. "तुमच्या बाबासाहेबांच्या काळातच बायांना खाणीत ढकललं." असं म्हणून आमच्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतं आम्ही खाली बघू. मी खाली बघत नाही. माझी पणजीच खाली होती, मी कशाला लपवू?

हो, मनाई उठली. हो, बाबासाहेब त्या सरकारात होते. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली तेव्हा ते उभे राहून उत्तर देत होते. ही तात्पुरती गोष्ट आहे म्हणाले. पुरुषाइतकंच काम केलं तर बाईला पुरुषाइतकाच पगार, हे तत्त्व त्यांनी तिथे ठणकावून मांडलं. आणि १९४६ च्या फेब्रुवारीत मनाई पुन्हा लागू झाली. हा हिशोब उघडा आहे. चूक वाटत असेल तर चूक म्हणा, पण पूर्ण हिशोब मांडा. डिसेंबर १९४३ मध्ये हा माणूस धनबादच्या खाणीत स्वतः उतरला. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला असता. १९४४ साली कोळसाखाण कामगारांचा कल्याण निधी निघाला, कोळशाच्या टनामागे उपकर बसवून. खाणीतल्या बाळंतिणींचा कायदा सुधारला. पाळणाघरांची तरतूद झाली. आणि खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरं हवीत, असे नियम १९४६ साली आले.

न्हाणीघर! हसू नका. चवदार तळ्याची लढाई लढलेल्या माणसाच्या खात्यातून पाण्याचा नियम निघतो, याचा अर्थ पुस्तकातून नाही कळत. तो माझ्या आजीच्या तोंडून ऐका.

आजी सांगायची, "अरे बापू, खाली सारेच काळे. वरतं आले का नळावर जात दिसे." पाळी सुटली की सगळे काळे-ठिक्कर. कोण कोणाचा, ओळखू येत नाही. मग नळावर रांग. वरच्या जातीचे आधी धुऊन गोरे व्हायचे. आमच्या माणसांनी नळाला हात लावायचा नाही, कोणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. नाहीतर तसंच काळं अंग घेऊन नाल्यावर. कवीमहाशय, तुम्ही अंधारातला कामगार पाहिलात. नळावर आलेला पाहिलात का?

आणि बुढीची शेवटची गोष्ट तर कोणीच सांगत नाही. मनाई परत आली, बरं झालं. पण खालून काढलेल्या बायांना वर काम कोणी दिलं? एक दिवस कंपनीच्या मुकादमाने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. बस. ना पैसा ना कागद. कायद्याने तिचा जीव वाचवला आणि मालकाने तिची भाकरी नेली. मग ती राखेतून जळका कोळसा वेचून विकायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण दोन्ही बोलायच्या.

आता आजा. १९५६ साली तो अठरा वर्षांचा. चौदा ऑक्टोबरला नागपूर आणि सोळाला चांद्याला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आजा पाळी बुडवून चांद्याला गेला. पांढरं धोतर उसनं आणलेलं. बुढी बरोबर. आज्याच्या कानाच्या पाळीत, नखांत कोळसा होता, तो काही निघाला नाही. तसाच बौद्ध झाला. दुसऱ्या दिवशी खाणीवर गेला तर हाजरीबाबू म्हणाला, "क्या रे, बुद्ध बन गया? चल, टब भर." आणि दोन दिवसांची हाजरी कापली.

दीक्षेनंतर आज्याने एक केलं. नळाला हात लावला. आजी सांगायची, मारामारी झाली, आज्याच्या भुवईवर खोक पडली. ती खोक मी पाहिलीय. बोट लावून पाहिलीय. म्हणून सांगतो, आमच्याकडे नळ सोन्याच्या कलमाने लिहिलेल्या नियमाने नाही सुटला. नियम बाबासाहेबांनी आणला, हात आज्याने लावला. दोन्ही लागतं.

काम कसं होतं ते ऐका, म्हणजे पुढच्या वेळी कविता लिहिताना मशाल येणार नाही. कोळशाच्या थरात बोगदे मारत जायचं, मध्ये कोळशाचे जाडजाड खांब सोडायचे, छत पेलायला. सगळा भाग असा खोदून झाला की मग उलटं फिरायचं आणि तेच खांब काढत मागे यायचं. ज्याच्या आधाराने उभा आहेस तोच खांब काढ. मग छत लाकडी टेकूंवर. लाकूड बोलतं, आजा म्हणायचा. आधी करकरतं. ते ऐकलं की फावडं टाकून पळायचं. ज्याला ऐकू नाही आलं तो तिथेच. पैसा टबावर. टबात दगड निघाला की बाबू अख्खा टब कापणार. म्हणून लोडर टेकूकडे कमी नि टबाकडे जास्त बघायचा. अपघात म्हणतात त्याला. मी त्याला पगाराची पद्धत म्हणतो.

आणि पाणी. १० डिसेंबर १९५४, पेंच खोऱ्यातली न्यूटन चिखली. खाणीत पाणी घुसलं, ६३ माणसं मेली. २७ डिसेंबर १९७५, चासनाला. पुन्हा पाणी. ३७५. चासनालावरून सिनेमा निघाला. आज्याने तो तंबूत पाहिला आणि मधेच उठून बाहेर आला.

१९७३ साली खाणी सरकारच्या झाल्या. आज्याला पक्का नंबर मिळाला, क्वार्टर मिळालं, पगारी रजा मिळाली. हे मी नाकारत नाही. त्या पगारावर माझे काका शिकले. पण क्वार्टरांच्या रांगा बघा. अधिकाऱ्यांची कॉलनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला. लोडरांच्या चाळी धुळीच्या बाजूला. गावात महारवाडा कुठल्या दिशेला असायचा? सरकारने मालक बदलला, दिशा बदलली नाही.

शेवटी छाती. आजा दहा पावलं चालला की बसायचा. थुंकी काळी. मी सहा-सात वर्षांचा, त्याची थुंकीची वाटी मी फेकायचो. डॉक्टरच्या कागदावर लिहिलं: टीबी. गोळ्या खाल्ल्या, गुण नाही. टीबी कशाला लिहितात माहितीय? कोळशाच्या धुळीने फुप्फुस दगड होतं, त्याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. तो खाणीचा आजार. तो लिहिला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. टीबी लिहिला की तो गरिबीचा आजार, घाणीचा, वस्तीचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जातीचा. २००८ साली आजा गेला. एक शब्द चुकीचा लिहिला आणि पस्तीस वर्षांचा हिशोब मिटला. पैसाही मिळाला नाही.

माझा बाप मुंबईला आला, गोदीत लागला. आज मी पण गोदीतच आहे, पण ठेक्यावर. बापाला पास होता, मला रोजची हाजरी. तिकडे खाणीतही तेच. कोल इंडियाचे कायम कामगार नव्वदच्या दशकात होते त्याच्या निम्म्याहून कमी राहिलेत. माती ठेकेदाराचे डंपर उपसतात. २०२० पासून खाजगी कंपन्यांना बाजारात विकण्यासाठी कोळशाच्या खाणींचे लिलाव सुरू झाले. बुढीचा मुकादम परत आलाय, फक्त आता तो हेल्मेट घालतो. आणि ठेक्यात आरक्षण नसतं, हे लक्षात ठेवा. आमची पोरं कायम नोकरीच्या दारापर्यंत पोचली आणि दारच काढून नेलं.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या पोरांना चांद्याच्या कोळशाचं काय? वर बघा. दिवा जळतोय ना? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची तार १९९९ पासून आहे. मुंबईकडे वीज येते त्या वाटांपैकी ती एक. संमेलनात त्या कवीच्या डोक्यावर जो दिवा होता, त्यात माझ्या आज्याच्या भाऊबंदांची छाती जळत असेल. आणि त्याच दिव्याखाली बसून तो आम्हाला सांगतो, अंधारात जात नसते.

आता आपल्या लोकांना दोन शब्द. राग धरू नका, धरलात तरी चालेल.

माझा एक काका खाणीच्या पगारावर शिकून साहेब झाला. त्याच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे, सूट-बूट, हातात पुस्तक. आज्याचा फोटो नाही. पाहुण्यांना सांगतो, वडील "कोल कंपनीत सर्व्हिसला" होते. लोडर म्हणायला जीभ जळते? अरे, ज्या बाबासाहेबांचा फोटो लावलास ते स्वतः खाणीत उतरले होते. तुझ्या बापाला भेटायला उतरले असं समज. आपले पुढारी १४ एप्रिलला घटनाकार बाबासाहेब सांगतात. मजूरमंत्री बाबासाहेब कोण सांगणार? तो सांगितला तर ठेकेदाराविरुद्ध बोलावं लागतं, आणि मंडपाची वर्गणी ठेकेदाराचीच असते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरी जा. आजा-आजी जिवंत असतील तर त्यांच्या शेजारी बसा. काय काम केलं, कुठल्या खाणीत, कुठल्या गिरणीत, कुठल्या गटारात, मुकादम कोण जातीचा, पगार किती, छातीचा फोटो काढला का, कागदावर कुठला आजार लिहिला, हे सगळं विचारा नि लिहून काढा. कविता नंतर. आधी हा हिशोब. छावणीच्या पोरांनी वस्तीवस्तीत असे कागद गोळा केले तर ज्यांना टीबी म्हणून गाडलं त्यांची यादी तयार होईल. ती यादी घेऊन कामगार कार्यालयाच्या दारात बसता येईल. मी माझ्यापासून सुरू केलंय. आज्याचे एक्स-रे आजीने ट्रंकेत जपून ठेवलेत, ते काकाकडून मागून आणलेत. तो देत नव्हता. म्हणाला, "कशाला जुनं उकरतोस?"

उकरणंच आमच्या घराण्याचा धंदा आहे, काका.

पुढच्या रविवारी गोदीतले आम्ही सात जण बसणार आहोत. एक्स-रे उजेडात धरून वाचणाऱ्या डॉक्टरची गरज आहे. आपल्यातला कोणी असेल तर यावं. त्या कवीलाही निरोप धाडलाय. येताना मशाल आणू नये.