मतदाराला नापास करणारे परीक्षक

४ जून २०२४. अयोध्या ज्या मतदारसंघात येते, त्या फैजाबादेत भाजपचा उमेदवार पराभूत झाला आणि देशभरातील अनेक सुशिक्षित घरांतले भ्रमणध्वनी संतापाने तापले. श्रीरामलल्लाची प्राणप्रतिष्ठा होऊन पाच महिनेही लोटले नव्हते. अयोध्यावासी कृतघ्न आहेत, त्यांच्या दुकानातून पूजेचे साहित्यही घेऊ नका, अशा संदेशांच्या फैरी झडू लागल्या. रस्तारुंदीकरणात ज्यांची दुकाने गेली आणि ज्यांच्या मोबदल्याविषयी तक्रारी होत्या, त्या माणसांना काही विचारावे, असे या संतप्त रामभक्तांना वाटले नाही. प्रजेचे म्हणणे ऐकून घेणे ही ज्याच्या राज्याची ओळख, त्याच्याच नावाने प्रजेला शिव्याशाप देण्यात आले. यापरती विसंगती कोणती?

साडेपाच महिन्यांनी पाळी दुसऱ्या पंगतीची आली. जूनमध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला देणारा मतदार हा पुरोगामी पंडितांच्या लेखी लोकशाहीचा तारणहार होता. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच मतदाराने महायुतीच्या पदरात २३० जागा टाकल्या आणि तो एका रात्रीत दीड हजार रुपयांना विकला गेलेला लाचार ठरला. जूनमध्ये सोज्वळ असलेली मतदानयंत्रेही नोव्हेंबरात भ्रष्ट झाली! सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत तर कागदी मतपत्रिकांवर फेरमतदानाचा घाट घालण्यात आला. प्रशासनाने तो रोखताच लोकशाहीची हत्या झाल्याचा गजर झाला. पण ही मारकडवाडी ज्या माळशिरस मतदारसंघात आहे, तेथे विजयी झाले ते महाविकास आघाडीचेच उत्तम जानकर, हे मात्र हलक्या आवाजात सांगण्यात आले. विजय आपला तेव्हा मतदार सुज्ञ आणि पराभव झाला की यंत्र सदोष, असे हे तर्कशास्त्र आहे.

या दोन्ही पंगतींतील परीक्षकांनी एकदा दिंडोरीला जाऊन यावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बाजारभाव कोसळले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट मागे ठेवून. कांदाउत्पादकाने लोकसभेच्या मतपेटीतून त्याचे उत्तर दिले. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांना पराभूत करून एक शिक्षक दिल्लीला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्याची अट रद्द झाली आणि शुल्क निम्म्यावर आले. पुढे नोव्हेंबरात याच लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. या शेतकऱ्याला जूनमध्ये देशद्रोही म्हणायचे की नोव्हेंबरात विकाऊ? तो या दोहोंपैकी काहीच नव्हता. ज्याच्याकडे जे काम होते, त्याचा हिशेब त्याने त्याच्याकडूनच मागितला.

भारतीय मतदाराचा हा स्वभाव आजचा नाही. डिसेंबर १९८४ मध्ये कर्नाटकाने लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसला दिल्या आणि अवघ्या तीन महिन्यांत विधानसभेत रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाला स्पष्ट बहुमत दिले. दिल्लीने २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या, पण विधानसभेत २०१५ साली ६७ व २०२० साली ६२ जागा आम आदमी पक्षाला दिल्या. त्याच दिल्लीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ४८ जागा देऊन भाजपला सत्तेवर बसवले. देशाचा प्रश्न वेगळा, राज्याचा वेगळा आणि गल्लीतील गटाराचा त्याहून वेगळा, हे ज्याला कळते त्याला अडाणी म्हणणाऱ्यांच्या विद्वत्तेचीच शंका घ्यायला हवी.

मग दोष कोणाचाच नाही काय? आहे. मात्र तो मतदान केलेल्याचा नसून न केलेल्याचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात ६५ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, पण मुंबईतील सुखवस्तू कुलाबा ४५ टक्क्यांनाही पोहोचले नाही. निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसून अयोध्येच्या आणि बीडच्या मतदाराला अक्कल शिकवण्यात मात्र हाच वर्ग आघाडीवर असतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. महापालिकांची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना सांगते. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवे नगरसेवक निवडण्यासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे प्रशासक कारभार पाहत होते. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु या काळात आधी महाविकास आघाडी आणि नंतर महायुती, अशी दोन्ही सरकारे सत्तेवर होती आणि निवडणुकीची घाई कोणालाच नव्हती. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या चार वर्षांत किती गृहनिर्माण संस्थांनी निवडणूक का होत नाही, असा साधा अर्ज तरी केला? आणि जेव्हा मतदान झाले, तेव्हा मुंबईत निम्म्याहून थोडेच अधिक लोक घराबाहेर पडले.

दिल्लीच्या निकालावर पेढे वाटणे सोपे असते. आपल्या प्रभागातील नगरसेवकाचे नाव ठाऊक असणे, अंदाजपत्रकातील नाला प्रत्यक्षात बांधला गेला की नाही हे पाहणे, मतदारयादीतील शेजाऱ्याचे नाव तपासणे, याला ना गुलाल लागतो ना ढोल. कार्यकर्ता असो वा गृहस्थ, राष्ट्रकार्याचा आरंभ आपल्या उंबरठ्यापासून होतो, हे व्यासपीठावरून सांगण्यापुरतेच राहू नये.

दिंडोरीच्या शेतकऱ्याने सहा महिन्यांत दोनदा मतदानकेंद्र गाठले आणि दोनदा आपले म्हणणे ठामपणे मांडले. त्याला गुण देण्याचा अधिकार ज्याच्या बोटाला शाई लागली आहे, त्यालाच. इतरांनी आधी स्वतःची उत्तरपत्रिका उघडून पाहावी. ती कोरी असण्याचीच शक्यता अधिक आहे.