कावळ्याने पळवलेला साबण



मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत चोरी झाली. चोराला मी या डोळ्यांनी पाहिलं. रंगाने काळा, एक मान तिरकी, आणि चोरीचा माल चोचीत! हात धुवायला ठेवलेली साबणाची नवी कोरी वडी उचलून हा पठ्ठ्या समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसला. चौथीचा अख्खा वर्ग खाली उभा राहून ओरडत होता आणि तो वरून आमच्याकडे बघत होता, जणू आम्हीच त्याची वडी मागायला आलोय.

पण या चोरीमुळे आमचा फायदाच झाला. कसा, ते सांगते.

आमच्या शाळेत हात धुवायचा एक ओटा आहे. बांधणाऱ्याने चांगला मजबूत बांधलाय, फरशीबिरशी लावून. फक्त नळ बसवताना त्याने मोठ्या माणसाच्या कमरेचा अंदाज धरला. पहिलीतली मुलं टाचा उंचावून हात वर करतात आणि पाणी कोपरावरून थेट बाहीत! हिवाळ्यात तर ओल्या बाह्यांनी कुडकुडत खिचडी खातात बिचारी. काही जण मग धूतच नाहीत. हात पुसले चड्डीला की झालं.

यंदा दुसरा ओटा बांधायची बोलणी सुरू झाली. कागदावर नकाशा आला. मी तो चौथीच्या मुलांपुढे ठेवला आणि विचारलं, "बरोबर आहे का रे?" सगळे म्हणाले, "हो मॅडम!" नकाशा नेहमी बरोबरच दिसतो. म्हणून म्हटलं, चला, सिमेंट लागायच्या आधी खोटा खोटा ओटा करून पाहू.

तेलाचे पाच लिटरचे रिकामे डबे घेतले. बुडाशी भोक पाडून त्यात काडी खोचली, काडी ओढली की पाण्याची धार. विटांच्या चळती रचल्या, एक दीड फुटाची, एक दोन फुटांची, एक अडीच फुटांची. खर्च म्हणाल तर फक्त साबणाचा. आणि सुट्टीत पहिली-दुसरीच्या मुलांना मोकळं सोडून आम्ही लांबून पाहत बसलो. काही सांगायचं नाही, शिकवायचं नाही, नुसतं पाहायचं आणि वहीत लिहायचं.

दोन फुटांचा डबा लहानांना बरोबर पुरला, हे तर अपेक्षित होतं. पण तिसऱ्या दिवशी कावळ्याने साबण नेला. नकाशात कावळा नव्हता! मग एका मुलीने घरून कांद्याची जाळीची पिशवी आणली, वडी तिच्यात घालून खिळ्याला टांगली. पाचव्या दिवशी कळलं की उन्हातल्या डब्याकडे कुणी जातच नाही, सगळी गर्दी सावलीतल्या डब्यापाशी. नव्या ओट्याची जागा नकाशात कुठे होती माहीत आहे? भर उन्हात.

बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर काय केलं असतं? काही नाही. मागच्या ओट्याचं जे केलं तेच. बाह्या ओल्या करून घेतल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, मॅडमनी काय मोठा शोध लावला! अगदी बरोबर. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. भात शिजला का ते आई एका शितावरून पाहते. आपल्या बुलडाण्यात पेरणी जवळ आली की शेतकरी घरचं सोयाबीन पोत्यातून काढतो, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजतो. सत्तर तरी उगवले पाहिजेत. कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचंच नाही. शंभर दाणे वाया गेले तरी चालतील, चार एकर वाया जाऊन कसं चालेल?

आता गंमत बघा. चार एकरांसाठी आपण एवढी काळजी घेतो. मग सरकारचा एखादा नियम कोट्यवधी माणसांना लागू होतो, त्याचे शंभर दाणे आधी कुठे भिजवतात? (आपलं लोणारचं सरोवर एका उल्केने एका झटक्यात केलं, हे खरं. पण उल्केला कुणी विचारायला गेलं नव्हतं. नियम करणारी माणसं असतात, त्यांना विचारता येतं.)

काही वेळा भिजवतात. घरातल्या आजोबांना विचारा, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, नाल्यावर, रस्त्यावर कोण कोण गेलं होतं. "रोजगार हमीवर होतो" असं सांगणारे आजी-आजोबा आपल्या भागात पुष्कळ सापडतील. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे सभापती होते. पण एकदम साऱ्या राज्यात त्यांनी ती सुरू केली नाही. 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आधी करून पाहिली. मग 1972 चा दुष्काळ पडला, तेव्हा हाताशी निदान एक करून पाहिलेली गोष्ट होती. ती राज्यभर गेली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, तोही याच वाटेने चालत.

पण मला आज तुम्हाला सांगायची आहे ती गडचिरोलीची गोष्ट. आपल्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाची. तिच्यात लाकडाची एक पाटी आहे, मणी आहेत आणि वाळू आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे अमेरिकेत शिकून परत आले आणि 1986 पासून गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने फार दगावत. छातीत कफ भरतो आणि बाळ भराभर श्वास घेऊ लागतं. औषध वेळेवर मिळालं तर बाळ वाचतं. पण दवाखाना कोसभर लांब, मध्ये नदी, पावसाळ्यात रस्ता बंद. गावात असे ती फक्त दाई.

दाईने बाळाचे श्वास मोजले तर रोग ओळखता येईल. एका मिनिटात किती श्वास, एवढंच पाहायचं. पण घोडं इथेच अडलं. त्या दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घड्याळ कळत नव्हतं. मोजता येई ते दहा-बारापर्यंत. साठपर्यंत कसं मोजणार?

तुम्ही असता तर काय केलं असतं? पुढे वाचायच्या आधी जरा विचार करा बरं.

"दायांना आधी शिकवा," असं कुणीही म्हणालं असतं. त्यांनी उलटं केलं. दाईला जे येतं तेवढ्यात भागेल असं साधन तयार केलं. घड्याळाच्या जागी एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची कुपी. आकड्यांच्या जागी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि शेवटचा एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, म्हणजे साठ श्वास झाले, म्हणजे बाळ आजारी. त्याहून मोठ्या मुलांसाठी दुसरी ओळ, चार हिरवे आणि एक लाल. बस! ना वाचायला लागतं, ना साठपर्यंत मोजायला.

मी हे वर्गात करून पाहिलं. मणी दोऱ्यात ओवले, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि मुलांनी एकमेकांचे श्वास मोजले. दोन हसरी पोरं सोडली तर सगळ्यांना जमलं. तुम्हीही करून पाहा. (आई-बाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी: हा मुलांचा खेळ आहे. बाळ धापा टाकत असेल, दूध पीत नसेल तर मणी मोजत बसू नका, दवाखाना गाठा.)

हे झालं साधन. त्यापुढचा प्रयोग आणखी मोठा, आणि त्यावरून आमच्या वर्गात भांडण झालं.

जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत तिथे हजारातली 62 बाळं जात होती. बंग दांपत्याला वाटलं, गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी बाळाची काळजी घेतली तर? पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. पाचवी हं! म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी जणांएवढी शाळा. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शनसुद्धा कसं द्यायचं, सगळं त्या शिकल्या. पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांना हे पटण्यासारखं नव्हतं. इंजेक्शन, आणि गावातली बाई?

वाद घालून हे ठरलं नसतं. म्हणून 39 गावांत हे काम सुरू केलं आणि शेजारच्या 47 गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. 1993 ते 1995 आधी नुसती मोजणी, मग काम. तिसऱ्या वर्षाअखेर त्या 39 गावांतला आकडा 62 वरून 25.5 वर आला. बाकीच्या 47 गावांत तो साठच्या आसपासच राहिला.

इथे मागच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, मग त्या सत्तेचाळीस गावांतल्या बाळांचं काय?"

वर्ग गप्प झाला.

मी म्हटलं, त्यांच्याकडून कुणी काही काढून घेतलं नव्हतं. सरकारी दवाखाना, नर्स, जे आधी होतं ते त्यांना मिळतच होतं. आणि ती गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं, अहो, त्या वर्षी पीक बरं आलं, रस्ता झाला, म्हणून बाळं वाचली. दोन्हीकडे पीक तेच, पाऊस तोच, फरक फक्त शिकलेल्या बाईचा, हे दाखवल्याशिवाय सरकारने सगळीकडे हे का सुरू करावं?

तिला हे पटलं नाही. "पण पहिल्याच वर्षी फरक दिसला असेल ना? मग तेव्हाच तिकडे का नाही गेले?" एक मुलगा म्हणाला, "घाई केली अन् चुकलं असतं तर?" ती म्हणाली, "अन् बरोबर असलं तर?" त्यावर अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. तास संपला, भांडण संपलं नाही. खरं सांगू? मी अजून त्या दोघांच्या मधेच कुठेतरी उभी आहे. प्रयोग करणाऱ्या माणसाला ही बोच लागायलाच हवी, एवढं मात्र मला वाटतं. आमच्या डब्यांच्या प्रयोगात फार तर बाही ओली होते. तिथे बाळ होतं.

पण मला राग येतो तो त्या तीन वर्षांचा नाही. त्यानंतरच्या वर्षांचा येतो. हा निकाल 1999 मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, साऱ्या जगाने वाचला. मग 'अंकुर' नावाने महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी ते करून पाहिलं. हे गरजेचंच होतं, कारण गडचिरोलीत जमलं म्हणजे शहरातल्या झोपडपट्टीतही जमेल असं नाही. इतर राज्यांतही चाचण्या झाल्या. आणि देशभरातल्या आशांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यावी, असा कार्यक्रम सरकारने आणला तो 2011 साली. 1999 ते 2011, वजाबाकी तुम्हीच करा. त्यातली थोडी वर्षं पडताळणीची, ती मी मान्य करते. बाकीची फायलींची.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तीच मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिच्या घरी महिन्याभराचा भाऊ आहे. "मॅडम, आमच्याकडे आशाताई येते. बाळाला झोळीत टाकून काट्याला लटकवते. परवा चौथ्यांदा आली." मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या, असे तिचे दिवस ठरलेले असतात. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे त्या गावांतलंच इकडे आलं?"

हो, तिकडचंच. गडचिरोलीहून लोणारपर्यंत.

आता पुढच्या अंकापर्यंतचं काम. शाळेतल्या नळाची उंची जमिनीपासून मोजा आणि पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या कोपराची उंची मोजा. दोन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. त्या मुलाला हात धुताना पाच मिनिटं नुसतं पाहा आणि जे दिसेल तेही लिहा. त्याला काही शिकवू मात्र नका!

आमच्या वहीतले आकडे आणि मुलांनी काढलेला नवा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलाय. त्यात ओटा सावलीत सरकवलाय, नळ दोन उंचीचे केलेत आणि साबणासाठी खिळा दाखवलाय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर डबे विटांवरच आहेत. कांद्याची पिशवी टांगलेली आहे आणि कावळा रोज मधल्या सुट्टीत येऊन तिला एक-दोन टोचे मारून जातो.